अध्यक्ष घरीच आहेत

आमचे हे पाच वर्षं गावाचे नगराध्यक्ष होते. त्या पाच वर्षांत मी त्यांच्यावर जेवढी रागावले, तेवढी बाकीच्या सेहेचाळीस वर्षांच्या संसारात मिळूनसुद्धा रागावले नसेन. कारण अगदी साधं होतं. त्यांना मिरवता येत नव्हतं, आणि मला, आता या वयात लपवून काय करायचं, मिरवायला फार आवडायचं.

अध्यक्षांचं घर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर गाडी, शिपाई, दारात माणसांची रीघ असं काहीतरी येईल. आमच्याकडे आलं काय, तर नकाशा. बाहेरच्या खोलीतलं जेवणाचं टेबल यांनी खिडकीशी ओढून घेतलं, त्यावर गावाचा नकाशा पसरला, वर काच ठेवली, आणि आम्ही घरातली सगळी माणसं पाच वर्षं स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्याने जेवलो. काचेवर हे मेणाच्या पेन्सिलीने खुणा करायचे. कुठल्या गल्लीत गटार तुंबतं, कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं राहतं, कोणाच्या छपराचे पत्रे सुटे आहेत. माझ्या सासूबाई म्हणायच्या, हा शाळेतसुद्धा नकाशाच रंगवत बसायचा, तेव्हाच ओळखायला हवं होतं. सासूबाईंची जीभ तिखट होती. माझीही काही साखरेत घोळलेली नव्हती, त्यामुळे आमचं छान जमायचं.

पहिल्या वर्षी वादळ झालं तेव्हा मात्र हे बाहेर पडले होते. कमरेएवढ्या पाण्यात उभे, एका हाताने टोपी घट्ट धरलेली, दुसऱ्या हाताने लांब कुठेतरी दाखवताहेत, असा फोटो वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आला. मी त्या दिवशीचे सहा अंक घेतले. एक माहेरी पाठवला, एक नणंदेला मुद्दाम पाठवला, आणि एकातला फोटो काचेत बसवून दारासमोरच्या भिंतीवर लावला. आठ दिवसांनी बघते तर फोटो उतरवून कपाटामागे सरकवलेला. का हो, म्हणून विचारलं, तर म्हणाले, मी त्यात कुठे बोट दाखवतोय ठाऊक आहे का तुला? माझ्या जीपकडे. ती नाल्यात अडकली होती. गावात अग्निशामक दलाचा बंब एकच. तो खालच्या आळीत निघाला होता, मला बघून थांबला आणि पाऊण तास माझी जीप ओढत बसला. तेवढ्या वेळात आळीत सुताराच्या घराची भिंत पडली आणि त्याच्या आईचा पाय मोडला.

मी म्हटलं, भिंत जुनी होती, पडायचीच होती. आणि फोटो पुन्हा भिंतीवर लावला.

त्यानंतर यांनी नगरपालिकेत एक नियम करून घेतला. वादळाच्या दिवशी ज्याच्या हातात कामाचं हत्यार नाही त्याने रस्त्यावर यायचं नाही. नगरसेवकांनी नाही, अधिकाऱ्यांच्या पाहुण्यांनी नाही आणि अध्यक्षांनी तर नाहीच नाही. अध्यक्षांनी एका जागी बसायचं, फोनजवळ, म्हणजे गावाला ते कुठे सापडतील ते कळतं. नगरपालिकेची कचेरी बाजारात, सखल जागी, तिथला फोन पहिल्या तासातच मान टाकायचा. आमचं घर चढावर. म्हणून जागा ठरली आमचं घर आणि नंबर आमच्या घरचा. तो नंबर गावातल्या चौकाचौकात भिंतींवर रंगवून घेतला. सासूबाई म्हणाल्या, आता रात्री-अपरात्री कोणाच्या म्हशी हरवल्या तरी आपणच शोधायच्या.

आणि तसंच झालं. तो काळा, जड फोन दिवसभर वाजायचा. हे पेन्सिल कानावर खोचून बसलेले असायचे. फोन उचलला की "हॅलो" नाही, "कोण" नाही, फक्त "बोला" म्हणायचे. इतकं शांत "बोला", की समोरचा कितीही कावलेला असला तरी आधी श्वास घ्यायचा आणि मग बोलायचा. तेव्हा मला त्या शब्दाचा वीट आला होता. आज तो एकदा कानावर पडावा म्हणून मी काय वाटेल ते देईन.

पाचव्या वर्षी, निवडणूक सहा आठवड्यांवर आली असताना, मोठं वादळ आलं.

आदल्या दिवसापासून रेडिओ ओरडत होता की घराबाहेर पडू नका. हे पहाटे उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि टेबलाशी जाऊन बसले. वादळात दाढी कशाला, तुम्हाला बघणार कोण, असं मी विचारलं. म्हणाले, दिवसभर माणसांशी बोलायचंय. म्हटलं, धन्य आहे.

सकाळी नऊला वारा सुरू झाला आणि फोनही. बेकरीवाल्याला फोन करून त्याची बंद गाडी मागवली, खालच्या आळीतली एकटी म्हातारी माणसं त्यातून चढावरच्या शाळेत आणायला. हेडमास्तरांना सांगून शाळेचा वरचा मजला उघडला. वीजवाल्याला सांगून आळीतली वीज पाणी चढण्याआधीच तोडली. दवाखान्यात डिझेल किती उरलंय, ते विचारलं. आणि दर अर्ध्या तासाने एक फोन पंपघराला.

हे पंपघर समजून घ्यायला हवं. गावाचं सगळं पाणी एका मोठ्या नाल्यात येतं, आणि नाल्याच्या टोकाला दोन पंप ते उचलून नदीत टाकतात. पंपांच्या तोंडाशी लोखंडी जाळी. पाण्याबरोबर फांद्या, पत्रे, गाद्या, मेलेली कुत्री, काय वाटेल ते वाहत येतं आणि जाळीला चिकटतं. म्हणून तिथे तीन माणसं लांब दांड्याची दाताळी घेऊन उभी असतात आणि तो कचरा ओढून ओढून काठावर टाकतात. एवढंच काम, पण ते थांबवता येत नाही. यांनी तिथल्या मिस्त्रीला ताकीद दिली होती की फोन आला की पाण्याची पातळी मोजायच्या पट्टीवरचा आकडा सांगायचा आणि ठेवायचा. "साहेब, सात." खट. हे काचेच्या कोपऱ्यात सात लिहायचे. संसार करताना माझ्याशी इतकं कमी बोलले असते तर मी माहेरी गेले असते.

दुपारपर्यंत अडतीस माणसं यांनी खुर्चीतून न उठता सुखरूप जागी हलवली होती. हा आकडा मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की हे खुर्चीतून उठलेले नाहीत.

साडेबाराच्या सुमारास समोरून गावातले वकील आले. निवडणुकीला यांच्याविरुद्ध तेच उभे होते. अंगात नवाकोरा पिवळा रेनकोट, मागे सहा माणसं आणि एक फोटोवाला. अरुंद रस्ता या लोकांनी अडवलेला, आणि बेकरीवाल्याची गाडी मागे भोंगा वाजवत उभी. वकील बरोबर आमच्या खिडकीखाली थांबले, वर बघून हात हलवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं बरं असतं, पाय ओले होत नाहीत. यांनी ऐकलं की नाही, देव जाणे. हे खुर्चीतूनच खिडकीबाहेर हात काढून बेकरीच्या गाडीला दुसरा रस्ता दाखवत होते. सासूबाई मात्र खिडकीतून आत वळल्या आणि म्हणाल्या, परक्याचा मुलगा भिजतोय आणि आपला कोरडा आहे, याची लाज वाटायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं बाई.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरा घाव पुढेच होता.

थोड्या वेळाने दार वाजलं. खालच्या आळीतली शिवणवाली दोन मुलांना घेऊन उभी होती, नखशिखांत भिजलेली. ती शाळेच्या मुलांचे गणवेश शिवायची आणि माझे कपडेही तिच्याचकडे असायचे. शाळेत आसऱ्याला निघाली होती. शिवून तयार असलेल्या गणवेशांचं गाठोडं तेवढं तुमच्याकडे कोरडं ठेवू का, म्हणून विचारत होती. पायमशीन जड, ते उचलून आणता आलं नाही, म्हणून खाटेवर चढवून ठेवलं होतं. मी गाठोडं घेतलं. तेवढ्यात तिची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली. इस्त्रीच्या शर्टात, कानावर पेन्सिल खोचून हे फोनवर बोलत होते.

"साहेब घरीच आहेत वाटतं," ती म्हणाली.

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी दुप्पट परत केला असता. तिला नुसतंच नवल वाटलं होतं, आणि ते मला जास्त लागलं.

ती गेली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन मोठी केटली भरून चहा केला. नवरा जात नाही तर मी जाते, अध्यक्षांच्या घरातलं कोणीतरी खाली दिसलं पाहिजे, असं माझ्या डोक्याने घेतलं होतं. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून चहा. पंपावरची माणसं पहाटेपासून उभी आहेत, त्यांना गरम घोटभर मिळेल, यात वाईट काय? सासूबाईंना सांगितलं, शेजारी जाऊन येते. त्यांनी माझ्या पायातल्या यांच्या गमबुटांकडे बघितलं तेवढं. हे पाठमोरे होते. मी मागच्या दाराने निघाले.

एरवी दहा मिनिटांची वाट, मला पाऊण तास लागला. वारा असा की कुंपणाच्या गजांना धरून एक एक पाऊल टाकावं लागत होतं. गमबुटांत पाणी शिरून ते पायाबरोबर उचलेनात. एक पत्रा माझ्या डोक्यावरून उडत गेला तेव्हा मनात आलं, मरतेस बघ आता, केटली हातात धरून. पण खोटं नाही बोलणार, मला मजा येत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी अध्यक्षांची बायको असल्यासारखी चालत होते.

पंपघराच्या दारात पोचले आणि मिस्त्रीने मला पाहिलं.

त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग तो धावत आला, "बाईसाहेब, तुम्ही" असं काहीतरी म्हणाला आणि जाळीवरच्या तिघांना त्याने हाक मारली. तिघांनी दाताळी भिंतीला टेकवली आणि आत आले. एकाने स्टूल आणलं. दुसऱ्याने आपल्या अंगातला सदरा काढून ते पुसलं. मिस्त्रीने ओल्या केसांवरून हात फिरवून भांग सारखा केला आणि मला पंप दाखवायला लागला. हा मोठा, हा लहान, हा कधीचा, याचा आवाज असा का येतो. मीही मान हलवत प्रश्न विचारत होते. कप दोनच होते, म्हणून मी स्वतः आळीपाळीने चहा ओतला. ते उभ्याने, अदबीने, आवाज न करता प्यायले. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, एवढ्या वर्षांत इथे कोणी आलं नव्हतं बाईसाहेब. मला अगदी भरून आलं. हे सगळं किती वेळ चाललं असेल? पंधरा मिनिटं, फार तर वीस.

मग फोन वाजला.

मिस्त्री पट्टी बघायला गेला आणि परत आला तो उतरलेल्या चेहऱ्यानेच. "साहेब, दहा," म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण नियम मोडून हा पुढे बोलला. म्हणाला, बाईसाहेब आल्यात ना साहेब, चहा घेऊन. मग त्याने फोन माझ्या हातात दिला.

हे ओरडले नाहीत. त्यांचा आवाज लोकांशी बोलतानाचा असायचा तसाच होता. "त्यांना दाताळी हातात घ्यायला सांग," म्हणाले. "आणि तू आहेस तिथेच बस. परत यायला निघू नकोस. तू निघालीस तर तुला सोडायला त्यातला एक जण येईल."

मी वळून बघितलं, तर तिघं आधीच बाहेर पळाले होते. जाळीवर कुठूनतरी वाहत आलेली एक कापसाची गादी सपाट चिकटली होती, तिच्यावर फांद्या आणि त्यांच्यावर पत्रे. पाण्याच्या ओढीने सगळं इतकं घट्ट बसलं होतं की तिघांचा जोर लागूनही हलेना. पंपांना पाणी मिळेना, ते कोरडे गुरगुरायला लागले, आणि मिस्त्रीने दोन्ही बंद केले. गादी तुकडे तुकडे करून काढायला त्यांना दीड तास लागला. तो दीड तास मी त्या पुसलेल्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला कोणी एक शब्द बोललं नाही. मिस्त्री जाता-येता उलट माझी समजूत काढत होता की होतं असं, बाईसाहेब.

त्या दीड तासात खालच्या आळीत अकरा घरांत पाणी शिरलं. जीव कोणाचा गेला नाही, कारण माणसं आधीच हलवलेली होती. पण शिवणवालीच्या घरात खाट तरंगली, उलटली, आणि मशीन चिखलात गेलं.

संध्याकाळी वारा पडल्यावर घरी आले. सासूबाईंनी गुपचूप पाणी तापवून ठेवलं होतं. यांनी माझ्या पायांना काही लागलं नाही ना, ते बघितलं आणि पुन्हा टेबलाशी जाऊन काचेवर अकरा घरांवर खुणा करत बसले. मी रडत म्हटलं, अहो, ओरडा तरी माझ्यावर. म्हणाले, ओरडून पाणी उतरतं का?

आठवड्याने शाळेच्या सभागृहात सभा झाली. वकिलांनी उंटाची गोष्ट पुन्हा सांगितली आणि लोक हसले. त्यांचा पिवळ्या रेनकोटातला फोटो तोवर वर्तमानपत्रात येऊन गेला होता. मग शिवणवाली उठली. ती कधी चारचौघांत बोललेली नव्हती.

"आमची घरं बुडत होती आणि तुम्ही तुमच्या घरात कोरडे बसला होतात," ती म्हणाली. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

हे उभे राहिले. मी वाट बघत होते की आता अडतीस माणसांचं सांगतील, बेकरीच्या गाडीचं सांगतील, पंपाचं सांगतील. हे एवढंच म्हणाले की पाणी आलं ते पंप बंद पडले म्हणून, पंपांची जबाबदारी अध्यक्षांची, तेव्हा चूक माझी आहे. तिच्याकडे बघून हात जोडले.

मी ताडकन उठले. तोंड उघडलं होतं. मागच्या रांगेत मिस्त्री बसला होता, त्याची मान पार छातीवर गेली होती. यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात थोडा खाली केला, बस म्हणून. मी बसले.

घरी आल्यावर मी भांडले. कशाला घेतलंत अंगावर, म्हटलं, माझं नाव का नाही घेतलं? हे बूट काढत होते. म्हणाले, तुझं नाव घेतलं तर मिस्त्रीची आणि त्या तिघांची नोकरी जाते. भर वादळात दाताळं टाकून चहा प्यायले, असं कागदावर येईल. आणि त्यांची चूक नाहीच. अध्यक्षाच्या घरचं माणूस दारात आलं की हातातलं काम टाकून उठायचं, हे त्यांना शिकवलं कोणी? आपणच ना.

आणि मी? मी विचारलं. माझी चूक?

"तू माझ्यासाठी गेलीस," म्हणाले.

त्यांनी एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मी त्यांचं संसारात फारसं कधी ऐकलं नाही. ज्या दिवशी ऐकायला हवं होतं त्या दिवशी केटली घेऊन निघाले, आणि ज्या दिवशी उठून बोलायला हवं होतं त्या दिवशी शहाण्यासारखी खाली बसले.

दोनशे चौदा मतांनी हे पडले. खालच्या आळीतून म्हणे सात मतं मिळाली. मी त्या आळीत पुन्हा कधी गेले नाही. शिवणवालीला आम्ही दुसरं मशीन घेऊन दिलं. हे स्वतः हातगाडीवर घालून देऊन आले. तिने ते ठेवून घेतलं, पण माझे कपडे शिवणं बंद केलं.

टेबल पुन्हा खोलीच्या मधोमध आलं. नकाशा गुंडाळून ठेवला, काच विकली. पहिल्या दिवशी आम्ही सगळे खुर्च्यांवर बसून जेवलो, तर ओट्याशी उभं राहायची सवय लागलेली, कोणाला बसून घास जाईना. यांना हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, सुटलास बाबा, आता माझ्याशी बोल. आणि खरंच, पुढची वर्षं आमची फार छान गेली. संध्याकाळी दोघं चढावर फिरायला जायचो. हे चालता चालता गटारांकडे बघायचे आणि मी त्यांचा हात ओढायचे. भिंतींवरचा आमचा नंबर हळूहळू पुसट होत गेला, तरी वर्षातून चार-दोन फोन यायचेच, आणि हे "बोला" म्हणून ऐकून घ्यायचे, नगरपालिकेत कोणाला भेटायचं ते सांगायचे. गाव त्यांना चांगलं म्हणायचं. फक्त चांगलं म्हणून झालं की शेवटी एक "पण" यायचा. माणूस सज्जन हो, पण जरा भित्रा. तो "पण" मी तीस वर्षं ऐकला आणि गिळला.

मिस्त्री कधीच निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेला होता. त्या तिघांनाही पेन्शन मिळत होतं. आता कोणाच्या पोटावर पाय येणार नव्हता. तरी मी गप्पच होते. आधी यांच्या शब्दाखातर गप्प होते, नंतर मला भीती वाटायला लागली म्हणून.

हे गेले तेव्हा भेटायला पुष्कळ माणसं आली. आठव्या-नवव्या दिवशी शिवणवाली आली. केस पांढरे, काठी टेकत, चढ चढून दमलेली. माझ्यासमोर बसली. मग तिने उसासा टाकला.

"देवमाणूस होते हो," ती म्हणाली. "तेवढं त्या दिवशी घराबाहेर पडायला हवं होतं."

आणि मी सांगितलं. तीस वर्षं साठलेलं सगळं एका दमात. केटली, गमबूट, सदऱ्याने पुसलेलं स्टूल, वीस मिनिटं, गादी, दीड तास. तुमचं मशीन माझ्यामुळे गेलं, म्हटलं. ते घरात बसले होते म्हणून तुम्ही आणि तुमची मुलं शाळेत सुखरूप होतात, आणि मी घराबाहेर पडले म्हणून तुमचं घर बुडालं. सभेत जे बोललात ते मला बोलायला हवं होतं. आता बोला. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले. ती जे बोलेल ते ऐकून घ्यायची माझी तयारी होती. खरं तर ते मला हवंच होतं.

तिने सगळं नीट ऐकलं. मग पुढे वाकून माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे तुम्ही आला होतात?" तिने विचारलं. "खाली? तसल्या वाऱ्यात, चालत?"

हो म्हटलं.

तिचे डोळे भरून आले. तिने काठी बाजूला ठेवली आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाली, वहिनी, हे मला तेव्हा कळलं असतं तर मी सभेत तोंड उघडलं नसतं. आम्ही सगळ्यांनी साहेबांनाच मत दिलं असतं. मशीन काय, गेलं तर गेलं. आमच्यासाठी तुमच्या घरातलं कोणीतरी आलं होतं ना.

ती माझे हात कुरवाळत होती. ज्याने खुर्चीत बसून तिला आणि तिच्या मुलांना वाचवलं त्याच्यासाठी तिच्याजवळ तीस वर्षं एक "पण" होता, आणि जिने तिचं घर बुडवलं तिचे हात तिला सोडवत नव्हते. हे आतल्या खोलीत बसून ऐकत असते तर कदाचित हसले असते. त्यांना हे तेव्हाच ठाऊक असणार. मला ते त्या क्षणी कळलं, आणि मला त्यांची फार फार आठवण आली.

मी हात सोडवून घेतले, तिच्याजवळ सरकून बसले, आणि तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, या वेळी सावकाश.